धन जोडावे कसे, वेचावे कसे



आजच्या सेवेसाठी तुकोबारायांचा धनावरचा अभंग घेतला आहे. गाथा घरोघर आहे आणि हा अभंग तर तुमच्या ओठांवरच आहे, म्हणून तो इथे पुन्हा छापत नाही. वाचणाऱ्या माउलींनी एकदा मनातल्या मनात म्हणून घ्यावा, मग पुढे चालावे.

हा अभंग संन्याशाला सांगितलेला नाही, गृहस्थाला सांगितलेला आहे. ज्याच्या घरात चूल आहे, लेकरं आहेत, म्हातारे आईबाप आहेत, त्याच्यासाठी आहे. महाराज पहिल्याच चरणात दोन गोष्टी सांगतात. धन मिळव, पण व्यवहार चोख ठेव. आणि मिळालेलं धन खर्च कर, पण खर्चताना मन त्यात गुंतवू नकोस. एक जोडण्याची रीत, एक वेचण्याची रीत. पुढच्या चरणांत अशा गृहस्थाची लक्षणं येतात. तो कुणाची निंदा करत नाही, परस्त्रीला आईबहीण मानतो, रानावनात तहानलेल्याला पाणी देतो, वाडवडिलांची थोरवी वाढवतो. बघा, सुरुवात धनाने झाली आणि शेवट कुठे गेला! धन हे दार आहे, घर आत आहे.

इथे एका शब्दाचा अर्थ नीट धरा. महाराजांनी खर्चाला 'उदास' हा शब्द लावला आहे. आपण उदास म्हणजे तोंड पाडून बसलेला असं समजतो. तसं नाही. उदासीन, म्हणजे उत् आसीन, जरा वर, जरा बाजूला बसलेला. नदीला पूर आला तर शहाणा माणूस काठाच्या उंच दगडावर बसून पाणी बघतो. त्याला पाण्याचा राग नाही, पण तो पाण्यात वाहून जात नाही. पैशाच्या बाबतीत असं उंचावर बसता येणं म्हणजे उदास विचार.

आता गंमत ऐका. हल्ली मोबाइल उघडला की टाय लावलेली मंडळी दिसतात. मागे मोठी गाडी उभी. म्हणतात, "तुमच्या तुकाराम महाराजांनीसुद्धा धन जोडा असंच सांगितलंय! मग लाजता कशाला? या आमच्या वर्गाला." अहो, चरणाचा पहिला तुकडा उचलला आणि बाकीचा टाकून दिला. व्यवहाराचं 'उत्तम' गेलं, विचाराचं 'उदास' गेलं, उरलं काय? नुसतं 'जोडा'! सापाची मान सोडून शेपटी धरली तर साप काय करतो हे शेतकऱ्याला सांगायला नको.

बरं, त्यावर आपले काही लोक उलटं टोक गाठतात. म्हणतात, पैसा म्हणजे माती, संतांनी पैशाला हात लावला नाही. हेही खरं नाही, माउली. गोरोबाकाका मडकी घडवीत होते, सावता महाराज अरणात मळा पिकवीत होते, सेना महाराज हजामत करीत होते, नरहरी महाराज सोनं तोलत होते. देव भेटला म्हणून एकानेही धंदा बंद केला नाही. फुकटचं खाल्लं नाही. संतांनी दारिद्र्याची आरती केलेली नाही.

आणि तुकोबाराय? त्यांना पैसा कळत नव्हता असं म्हणणाऱ्याने देहूचा इतिहास वाचावा. घरी महाजनकी, वाण्याचं दुकान, सावकारी. वडील बोल्होबांनी सगळा कारभार लहान वयातच त्यांच्या हाती दिला. नफा, तोटा, उधारी, व्याज ही त्यांची रोजची भाषा होती. मग इ. स. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. गुरं गेली. दुकान बसलं. दिवाळं निघालं. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला.

इथे क्षणभर थांबा. कारण आजच्या श्रीमंतीच्या शास्त्रातलं सगळ्यात मोठं वाक्य इथे तपासून बघायचं आहे.

एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकाच्या गाड्यावर जा. पूर्वी तिथे हरिपाठ, पोथ्या, पंचांग असे. आजही असतात, पण पुढच्या रांगेत श्रीमंत कसं व्हावं याची पुस्तकं. अमेरिकेत १९३७ साली, तिकडे मोठी मंदी होती तेव्हा, नेपोलियन हिल या लेखकाचं 'थिंक अँड ग्रो रिच' निघालं. विचार करा आणि श्रीमंत व्हा. १९९७ साली रॉबर्ट कियोसाकींचं 'रिच डॅड पुअर डॅड' आलं. २००६ साली 'द सिक्रेट' आलं, त्याचा सिनेमाही निघाला. ही पुस्तकं आता आपल्या मराठीतही मिळतात. तरुण मंडळी मुक्कामी आणून देतात, "महाराज, हे वाचा" म्हणतात. वाचावं. चांगलं असेल ते घ्यावं, मधमाशीने कोणत्या फुलावर बसायचं याची जात विचारायची नसते.

चांगलं काय आहे तेही सांगतो. कियोसाकी म्हणतात, जी वस्तू तुमच्या खिशात पैसा आणते ती मालमत्ता आणि जी खिशातून काढते ते ओझं. हे आपल्या आजीला पुस्तक न वाचता ठाऊक होतं. दुभती म्हैस आणि दारात नुसती मिरवायला ठेवलेली कर्जाची गाडी, यातला फरक तिला कळत होता. आवक बघून जावक करा, पगार झाला की आधी थोडं बाजूला टाका, हे सगळं बरोबर आहे. त्याला नावं ठेवायची नाहीत.

पण दुसरं वाक्य असं असतं: तुम्ही जसा विचार कराल तसं तुम्हाला मिळेल. श्रीमंतीचा विचार करा, श्रीमंती ओढली जाईल. 'द सिक्रेट'चे टप्पे तीन: मागा, विश्वास ठेवा, मिळवा. मग पोरं काय करतात? भिंतीवर बंगल्याचं चित्र लावतात. पहाटे उठून आरशापुढे उभी राहतात आणि म्हणतात, "मी श्रीमंत आहे, मी श्रीमंत आहे." एकशे आठ वेळा! माळ आपलीच, पण नाम कुणाचं? स्वतःचं! वारकरी नाम घेतो ते 'मी' विरघळावा म्हणून. हे नाम 'मी' फुगावा म्हणून. फुगा फुगवण्यात पाप नाही, पण त्यावर बसून कुणी चंद्रभागा ओलांडू नये.

आणि या वाक्याची खरी धार पुढे आहे. चांगल्या विचाराने माणूस श्रीमंत होत असेल, तर जो गरीब आहे त्याचं काय? अर्थ असा निघतो की त्याचे विचारच वाईट. पाऊस पडला नाही, तुझे विचार वाईट. कांद्याचा भाव पडला, तुझे विचार वाईट. आता जरा देहूला चला. रखमाबाई अन्नावाचून गेली. त्या माउलीचे विचार वाईट होते? संतूचे विचार वाईट होते? ज्या घरात पांडुरंगाची वारी पिढ्यान् पिढ्या चालत आली, त्या घरात विचारांची कमतरता होती? जे वाक्य दुष्काळात मेलेल्या बाईच्या तोंडावर म्हणता येत नाही, ते वाक्य खरं नाही. हे माप लक्षात ठेवा. कुणीही श्रीमंतीचं शास्त्र सांगू लागला की त्याचं वाक्य दुःखी माणसासमोर उभं करून बघा. टिकलं तर घ्या.

विठ्ठल विठ्ठल!

आता पुढचा प्रकार. पुस्तक निदान दोन-तीनशे रुपयांत संपतं. पण त्याच्या पुढे गुरू असतात. पहिला वर्ग फुकट, दुसरा थोड्या पैशांत, तिसऱ्याला पोरगं कर्ज काढतं. मी साधी गोष्ट विचारतो. ज्याच्या शेतात सोन्याचं पीक येतं, तो गावभर बियाणं विकत फिरेल की आपलं शेत पेरील? जो दारोदार बियाणंच विकतो, त्याचं पीक शेतात नाही. त्याचं पीक समोर बसलेल्या गर्दीत आहे.

आणि उगीच दुसऱ्याकडे बोट नको. हा प्रश्न आम्हा कीर्तनकारांनाही लागू आहे. तुकोबारायांनी कीर्तनाचा दंडक घालून दिला, की जिथे कीर्तन करायचं तिथे अन्नसुद्धा घेऊ नये, द्रव्य घेणं तर दूरच. आज तारीख धरताना आधी पाकिटाचं ठरतं. जो हजारो रुपये ठरवून वैराग्य सांगतो, त्याचं वैराग्यही तिकीट लावलेलंच आहे. तेव्हा तराजू सगळ्यांना एकच लावा. गादीवर बसलेल्याला सवलत देऊ नका.

आता थोडा हिशेब करू. वारकऱ्याने टाळ वाजवावा, तसा हिशेबही करावा. कुणी म्हणालं, "महिन्याला शेकडा दहा देतो, खात्रीने," तर ऐकायला किती गोड! एक लाख ठेवले आणि व्याजावर व्याज चढत गेलं, तर वर्षाअखेर तीन लाख तेरा हजारांच्या वर. पाच वर्षांनी तीन कोटी चार लाख. आणि दहा वर्षांनी? नऊशे सत्तावीस कोटी! एका लाखाचे! ज्याला असं पीक येतं तो तुमचा लाख मागायला तुमच्या ओट्यावर कशाला येईल? स्वतःचा एक लाख घेऊन दहा वर्षं गप्प बसेल की!

दुसरा हिशेब साखळीचा. "तुम्ही फक्त सहा माणसं जोडा, ते सहा-सहा जोडतील." सहा, छत्तीस, दोनशे सोळा... करत चला. बाराव्या पायरीला दोनशे सतरा कोटी माणसं लागतात. एवढी माणसं आपल्या भारतात नाहीत. तेराव्या पायरीला तेराशे कोटी, एवढी पृथ्वीवर नाहीत. म्हणजे वरच्या चार पायऱ्यांना मिळणार आणि शेवटची सगळी बुडणार, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. म्हणून तर अशा पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ सालीच कायद्याने बंदी आली. ठेवीदारांना वाचवायला महाराष्ट्राने १९९९ साली वेगळा कायदा केला. कायदे आहेत, तरी साखळ्या निघतात, कारण त्या पाहुण्यातून पाहुण्यात शिरतात. मेहुणा सांगतो, मामा सांगतो. पैसा बुडतो तेव्हा नातंही बुडतं. व्यवहाराला 'उत्तम' हा शब्द का लावला, ते इथे कळतं.

तिसरा प्रकार आजच्या तरुणाच्या खिशात आहे. मोबाइलवरचं ऑप्शनचं ट्रेडिंग. नीट समजून घ्या, मी शेअर बाजाराला शिव्या देत नाही. कंपनी चांगली बघून, घरची गरज भागवून उरलेल्या पैशाने तिच्या भागात भागीदार व्हावं, वर्षानुवर्षं धीर धरावा, हा व्यवहार आहे. त्यात वरखाली होतं, तसं शेतीतही होतं. पण बाजार आज वर जाईल की खाली याच्यावर पैसा लावायचा, मुदत संपली की कागदाची किंमत शून्य, आणि एकाला मिळालं म्हणजे ते दुसऱ्याचं गेलंच, वर दलाली आणि कर वेगळा. ही पैज झाली. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच २०२४ च्या सप्टेंबरात हिशेब प्रसिद्ध केला. तीन आर्थिक वर्षांत, २०२१-२२ पासून २०२३-२४ पर्यंत, या वायदे आणि ऑप्शनच्या व्यवहारात एक कोटीहून अधिक सामान्य माणसं उतरली. त्यातल्या शंभरांपैकी त्र्याण्णव जणांना तोटा झाला. सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास. सगळा मिळून एक लाख ऐंशी हजार कोटींच्या वर. शंभरांत त्र्याण्णव! एखाद्या विहिरीत शंभर उतरले आणि त्र्याण्णव बुडाले, तर गाव त्या विहिरीवर झाकण टाकील. आपण तिथे पोहण्याचे वर्ग काढले.

पण पोरांना हावरट म्हणू नका हो. त्यांच्या जागी उभे राहून बघा. दोन एकर जमीन, पावसाचा भरवसा नाही. शिकून नोकरी नाही, असली तर ठेकेदारीची, बारा हजारांची. लग्नाला मुलगी बघायला गेलं की पहिला प्रश्न पगाराचा. त्यात रोज मोबाइल दाखवतो की तुझ्याच वयाच्या कुणी तरी गाडी घेतली. अशा पोराला कुणी म्हणालं, "आहे एक सोपा रस्ता," तर त्याचं पाऊल पडणारच. हाव नंतर येते, माउली. आधी लाज येते.

पालखीच्या मुक्कामी एक आई भेटली होती. गावाचं नाव नको. तिचा मुलगा कारखान्यात कामाला. मोबाइलवर शिकून तो ट्रेडिंग करू लागला. पहिल्या महिन्यात अकरा हजार मिळाले, गल्लीत पेढे वाटले. पुढे गेले ते भरून काढायला मोबाइलवरूनच कर्ज काढलं. ते फेडायला आईची बोरमाळ गहाण पडली. मग बापाच्या नावावरचं पीककर्ज. सगळे मिळून साडेचार लाख. आईला ऑप्शन म्हणजे काय, ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "महाराज, पोरगं दुसरी भाकरी मागायचं थांबलं, तेव्हा मला कळलं." रात्रीचा विहिरीकडे जाऊन बसायला लागला, तेव्हा बाप मागोमाग गेला. बापाने हिशेब विचारला नाही, शिवी दिली नाही. शेजारी बसला आणि म्हणाला, "पैसे बुडाले, तू नाही बुडालास. ऊठ, घरी चल." दुसऱ्या दिवशी म्हैस विकली. अजून फेडतायत. पण पोरगा त्या वर्षी वारीत चालत होता, बापाच्या मागे, पताका घेऊन.

हे वाचणाऱ्यांत असा एखादा मुलगा असेल, तर त्याला माझं सांगणं आहे. बाळा, आजच्या आज घरात सांग. आधी आईला सांग, मग बापाला. शिव्या पडतील, पडू दे. शिव्यांनी माणूस मरत नाही. लपवलेलं कर्ज रोज वाढतं आणि सांगितलेलं कर्ज त्या दिवसापासून फिटायला लागतं. आणि हे वाचणारा बाप असेल, तर त्यानेही ऐकावं. पोरगा बोलायला लागला की आधी शेजारी बसा.

आता तुकोबारायांकडे परत येऊ. दुष्काळ गेला. महाराजांना देव भेटला. धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधत आले. दोघे इंद्रायणीकाठी आले. लोकांकडून येणं असलेल्या पैशांची खतपत्रं होती. महाराज म्हणाले, ही बुडवून टाकू. पण कान्होबांच्या मागे संसार होता. मग महाराजांनी काय केलं? खतांचे दोन भाग केले. अर्धे कान्होबांना दिले. आपले अर्धे इंद्रायणीत सोडले.

या प्रसंगात दोन रत्नं आहेत. पहिलं असं, की बुडवलं ते काय? आपल्याला येणं होतं ते. आपलं देणं नाही बुडवलं. आज उलटं आहे. दुसऱ्याचं देणं बुडवतात आणि आपलं येणं वसूल करतात, आणि वर तीर्थयात्रा! दुसरं रत्न असं, की वैराग्य आलं तरी भावाच्या वाट्याला हात लावला नाही. स्वतःचं धन सोडण्याचा अधिकार स्वतःला आहे, घरच्यांचं धन डावावर लावण्याचा नाही. मग जे वैराग्यालाही करता आलं नाही, ते हावेला कसं करता येईल? आईची बोरमाळ ही आईची आहे. बापाचा सातबारा हा बापाचा आहे. अर्धे अर्धे करून हिशेब चोख ठेवूनच महाराज मोकळे झाले. आणि ती खतं कुणाची होती? त्याच दुष्काळात पोळलेल्या कुळांची. त्या दिवशी देहूच्या पंचक्रोशीत किती चुली निर्धास्त पेटल्या असतील! याला म्हणतात उदास विचाराने वेचणं.

हिशेबावरून नाथबाबांची गोष्ट आठवते. एकनाथ महाराज देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सेवेत होते. स्वामींनी जमाखर्चाचं काम दिलं. एका रात्री हिशेबात एका पैची चूक निघाली. नाथ दिवा लावून बसले. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर किती होईल! असंच चित्त देवाकडे लाव. लक्षात घ्या, स्वामी हिशेबावर रागावले नाहीत. वही फेकून दे, असं म्हणाले नाहीत. जो पैला जपतो, तोच पुढे परमार्थाला जपतो. घरात वही ठेवा. आवक, जावक, देणं, येणं, सगळं बायकोसमोर, मुलांसमोर. ज्या हिशेबाची पानं घरच्यांपासून लपवावी लागतात, तो व्यवहार उत्तम नव्हे.

त्याच नाथबाबांनी काशीत १५७३ साली भागवताच्या अकराव्या स्कंधावरची टीका पूर्ण केली. तिच्या तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या कदर्यू ब्राह्मणाची कथा आहे. शेती, व्यापार, बक्कळ धन. पण अतिथीला घास नाही, नातेवाइकांना नाही, बायकामुलांना नाही, स्वतःलाही नाही! जोडण्यात पहिला, वेचण्यात शून्य. मग काही नातलगांनी नेलं, काही चोरांनी, काही राजाने, काही काळाने. सगळं गेल्यावर त्याने धनाचे पंधरा अनर्थ सांगितले. चोरी, हिंसा, खोटं, दंभ, काम, क्रोध, ताठा, मद, भेद, वैर, अविश्वास, स्पर्धा आणि वर तीन व्यसनं. आजच्या कुठल्या श्रीमंतीच्या वर्गात ही यादी शिकवतात का? आणि शेवटी तो काय म्हणतो? मला दुःख माणसांनी दिलं नाही, देवांनी नाही, ग्रहांनी नाही, काळाने नाही, माझ्या मनाने दिलं. बघा हं, मनाचं महत्त्व त्यानेही सांगितलं! पण 'द सिक्रेट' सांगतं की मन वापरून जग आपल्याकडे ओढ. कदर्यू सांगतो की मन आवर, म्हणजे जगाची ओढ सुटेल. दोघांच्या हातात दोर एकच, ओढण्याची दिशा वेगळी.

मग प्रपंच करायचा कसा? फार लांब जायला नको. आपल्याच गावात बचत गट आहेत. दहा-वीस बायका एकत्र येतात. महिन्याला शंभर-दोनशे टाकतात, वहीत लिहितात, एकमेकींना उसने देतात. कुणी शेळी घेतं, कुणी शिलाईचं मशीन, कुणी पापडाचा व्यवसाय करतं. यालाच सरकारी भाषेत स्वयंसहायता म्हणतात. गंमत अशी, की त्या श्रीमंतीच्या पुस्तकांनाही इंग्रजीत 'सेल्फ हेल्प' म्हणजे हेच नाव आहे. नाव एक, पण एकीत 'मी' एकटा पुढे जातो आणि दुसरीत दहाजणी मिळून उभ्या राहतात. आपल्या दिंडीची भिशी बघा. प्रत्येकजण आपला वाटा भरतो आणि सगळे एका पंगतीला बसतात. बागाईतदाराच्या पानात जास्त आणि मजुराच्या पानात कमी, असं होतं का? जोडणं आणि वेचणं दोन्ही तिथे शिकायला मिळतं.

एकच सावधगिरी आणखी. कर्जाचा दर महिन्याचा विचारा आणि बाराने गुणा. गावचा सावकार शेकडा तीन घेतो तेव्हा आपण त्याला रक्तपिपासू म्हणतो. खिशातल्या क्रेडिट कार्डाची बाकी थकली की तेही महिन्याला शेकडा तीन-साडेतीन लावतं, वर्षाला छत्तीस-चाळीसच्या घरात. ते चकचकीत असतं, म्हणून आपल्याला सावकार दिसत नाही.

आता सेवा आटोपती घेऊ, चला पंढरीला. रुक्मिणीमाता म्हणजे साक्षात लक्ष्मी. ती रुसून द्वारकेहून निघाली आणि दिंडीरवनात येऊन बसली. म्हणून आजही तिचं देऊळ वेगळं आहे. देव तिला शोधत निघाले. म्हणजे जगाचा मालकसुद्धा लक्ष्मीच्या मागे निघाला होता! पण वाटेत काय झालं? पुंडलिकाचं घर लागलं. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. देव दारात आले तरी उठला नाही. वीट फेकली आणि म्हणाला, जरा थांबा. आणि देव थांबले! लक्ष्मीला शोधायला निघालेला देव आईबापांच्या सेवेपुढे कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तो अजून उभा आहे.

बाबांनो, तुम्हीही लक्ष्मीच्या शोधात निघा, माझी ना नाही. देवही निघाला होता. पण वाटेत आईबाप लागतात, बायकालेकरं लागतात, तहानलेला शेजारी लागतो. त्यांच्या दारात थांबा. त्यांना तुडवून पुढे पळालात तर कदाचित लक्ष्मी भेटेलही, पण तिच्या शेजारी विटेवरचा देव नसेल. आणि त्यांच्या दारात थांबलात, तर लक्ष्मीही फार लांब नाही. पंढरीत बघा, विठ्ठल विटेवर आणि रखुमाई जवळच्याच देवळात.

पुढच्या एकादशीला घरच्यांना जवळ बसवा, वही उघडा. काय जोडलं, कसं जोडलं, काय वेचलं, कुणासाठी वेचलं, हे चार प्रश्न विचारा. कुणी काही लपवलं असेल तर रागावू नका, त्याच रात्री मोकळं होऊ द्या. मग हरिपाठ म्हणा. हीच या अभंगाची सेवा.

बोला पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!